चावलं खरं, पण जिरलं का?

समुद्रातला अमुक एक प्राणी प्लास्टिक खातो, अशी बातमी अधूनमधून येते आणि वाचणाऱ्याला हायसं वाटतं. चला, निसर्गानेच काहीतरी सोय केली म्हणायची. मग मूळ संशोधन काढून वाचावं तर बहुतेक वेळा निघतं ते असं: प्राण्याने प्लास्टिकचा भुगा केला आणि तो भुगा दुसऱ्या टोकाने जसाच्या तसा बाहेर टाकला. यात प्लास्टिक संपलं कुठे? उलट आधी दिसत होतं, ते आता दिसेनासं झालं.

घोटाळा 'खाणं' या शब्दात आहे. मराठीत खरं तर या कामासाठी शब्दांची चैन आहे. कुरतडणं, चावणं, गिळणं, पचणं, जिरणं, अंगी लागणं. दाण्याचं टरफल चावता येतं, गिळताही येतं, पण ते अंगी लागत नाही. प्लास्टिक आणि सागरी प्राणी यांच्याबद्दल वाचताना मी एकच प्रश्न हाताशी ठेवतो: हे काम दातांचं आहे की विकरांचं? विकर म्हणजे एन्झाइम, शरीराने बनवलेली रासायनिक कात्री. दातांनी वस्तूचे तुकडे होतात. विकराने रेणूचे तुकडे होतात. सगळा फरक इथे पडतो.

रेणू कसा तुटतो, किंवा का तुटत नाही, हे आधी पाहू. प्लास्टिक म्हणजे लांबलचक साखळी. पिशव्यांच्या पॉलिएथिलीनमध्ये या साखळीच्या कड्या म्हणजे कार्बनला जोडलेला कार्बन, त्याला पुन्हा कार्बन, असं हजारो वेळा. मधे कुठेही सांधा नाही. विकराला पकडायला काहीतरी कोपरा, काहीतरी खाच लागते. इथे सगळं गुळगुळीत. शिवाय हे बंध मजबूत आहेत आणि ही वस्तू पाण्याला जवळ येऊ देत नाही.

'जैवविघटनशील' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्लास्टिकांत मात्र ठरावीक अंतरावर एक सांधा असतो. त्याला एस्टर बंध म्हणतात. तेलातुपाच्या रेणूतही हाच बंध असतो, आणि तो सोडवायची विकरं सजीवांकडे कोट्यवधी वर्षांपासून आहेत. पाण्याचा एक रेणू त्या सांध्यात पाचरीसारखा घुसवायचा की साखळी तिथे सुटते. विकर हेच करतं, फक्त फार वेगाने आणि नेमकेपणाने. म्हणजे सांधा असेल तर जिरण्याची शक्यता आहे. खात्री नाही, शक्यता. ती का, ते पुढे येईलच.

आता दातवाल्यांकडे वळू, कारण बातम्यांत तेच जास्त असतात.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात क्रिल नावाचा कोळंबीसारखा जीव असतो. देवमाशांचं मुख्य अन्न तोच. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की क्रिलने गिळलेले पॉलिएथिलीनचे सूक्ष्म मणी त्याच्या पोटातून बाहेर येताना खूपच बारीक झालेले असतात. सुरुवातीचा मणी सुमारे ३१.५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि बाहेर पडलेल्या काही कणांचा आकार एका मायक्रॉनपेक्षाही कमी. क्रिलच्या जठरात आणि त्याआधीच्या भागात काटेरी दळण्याची यंत्रणा असते, एकपेशीय शैवालांची कडक कवचं फोडायला. प्लास्टिकही त्या जात्यातून गेलं. पीठ झालं, पण रेणू तोच राहिला.

किनाऱ्यावर कुजणाऱ्या शेवाळाखाली उड्या मारत फिरणारा सँडहॉपर घ्या. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात हा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा प्राणी पिशवीचं प्लास्टिक कुरतडताना दिसला. हिशेब असा निघाला की एका पिशवीपासून साडेसतरा लाख सूक्ष्म तुकडे होऊ शकतात. त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी मला आकड्यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. एक, पिशवीवर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढलेला असेल तर कुरतडणं चौपटीने वाढलं. म्हणजे प्राणी प्लास्टिकच्या मागे नव्हताच, तो वरची साय खात होता, प्लास्टिक सोबत गेलं. आणि दोन, पिशवी साधी आहे की 'जैवविघटनशील' लिहिलेली, याने त्याला काहीच फरक पडला नाही. दातांना रसायनशास्त्र कळत नाही.

यादी वाढवता येईल. तरंगत्या धक्क्यांखालच्या थर्माकोलमध्ये बीळ करून राहणारे आयसोपॉड नावाचे बारके कवचधारी जीव एकेका बिळामागे हजारो कण पाण्यात सोडतात. बिळातला थर्माकोल ते खातही नाहीत, फक्त उकरून बाहेर टाकतात. रोटिफर हे त्याहून चिमुकले, डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखे दिसणारे. त्यांच्या घशात कायटिनचा कठीण जबडा असतो. २०२३ मध्ये चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी मोजलं की एक रोटिफर दिवसाला सुमारे साडेतीन लाख नॅनोकण, म्हणजे मायक्रॉनपेक्षाही बारीक कण, बनवू शकतो. एकट्या रोटिफरचा हा हिशेब, आणि रोटिफर समुद्रात, तळ्यात, डबक्यात सगळीकडे आहेत.

या सगळ्यांना 'प्लास्टिक संपवणारे' म्हणणं म्हणजे कागद फाडणाऱ्याला कागद जाळणारा म्हणण्यासारखं आहे. एक खरं की बारीक कणांना पृष्ठभाग जास्त मिळतो, आणि जीवाणूंचं काम पृष्ठभागावर चालतं. सांधा असलेल्या प्लास्टिकच्या बाबतीत भुगा करणं ही पचनाची पूर्वतयारी ठरू शकते. पण सांधा नसलेल्या पॉलिएथिलीनचा भुगा हा निव्वळ भुगा. तो अन्नसाखळीत अधिक खोल शिरतो, इतकंच.

पाकिटावरच्या शब्दाचाही इथेच निकाल लावू. जैवविघटनशील म्हणजे कुठे, किती तापमानाला, किती दिवसांत? युरोपमध्ये औद्योगिक खतासाठीच्या वेष्टनांना जो निकष लावतात, त्याची चाचणी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते आणि सहा महिन्यांत ९० टक्के विघटनाची अपेक्षा असते. समुद्र ५८ अंशांवर जवळपास कुठेच नसतो, आणि खोल पाणी तर चार अंशांच्या घरात. पीएलए हे वनस्पतींच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक. पेले, चमचे, थ्रीडी छपाईची तार, सगळीकडे ते दिसतं. त्यात एस्टर सांधे आहेत, तरी समुद्रात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. कारण साठ अंशांच्या खाली त्याच्या साखळ्या ताठ, काचेसारख्या गोठलेल्या असतात. सांधा आहे, पण तिथपर्यंत पोचायला वाट नाही. 'वनस्पतीपासून बनलेलं' आणि 'निसर्गात जिरणारं' या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे पीएलएइतकं कुणीच स्पष्ट करत नाही.

प्लिमथच्याच संशोधकांनी पाच प्रकारच्या पिशव्या तीन वर्षं मातीत, समुद्रात आणि उघड्या हवेत ठेवून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. 'कंपोस्टेबल' पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत सत्तावीस महिन्यांनंतरही होती. 'जैवविघटनशील' असा शिक्का असलेली पिशवी मात्र तीन वर्षं समुद्रात किंवा मातीत राहूनही बाजारहाट उचलण्याइतकी धडधाकट निघाली. आणि 'दिसेनाशी झाली' म्हणजे जिरली असं गृहीत धरू नका. दिसेनासं होणं हे सँडहॉपरच्या पोटातही होतं.

आता विकरांच्या गोष्टीवर येऊ. ही गोष्ट मला अधिक आवडते, कारण तिच्यातल्या मुख्य पात्राला दातच काय, तोंडही नाही.

आधी पदार्थाची ओळख. १९२६ च्या सुमारास फ्रान्समधल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोरिस लेम्वान्य यांना एका जीवाणूच्या पेशीत एक पॉलिस्टर, म्हणजे एस्टर सांध्यांची साखळी, सापडलं. कारखान्यात बनलेलं नव्हे, जीवाणूने स्वतः बनवलेलं. आज त्या घराण्याला पीएचए म्हणतात. जीवाणूला कार्बन भरपूर मिळतो पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडतो, तेव्हा तो वाढू शकत नाही. मग मिळालेला कार्बन तो पीएचएच्या गोळ्यांच्या रूपात साठवतो. आपल्या अंगावर चरबी चढते तसंच. काही जीवाणूंत कोरड्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत हा साठा जातो. दुष्काळ आला की गोळी फोडायची आणि एकेक कडी वापरायची. माणसाने पुढे ही चरबी काढून, वितळवून तिच्या बाटल्या आणि पातळ कापडं बनवली, आणि ती जैवविघटनशील प्लास्टिक म्हणून विकायला ठेवली.

गंमत म्हणजे या साखळीतली सर्वांत साधी कडी, ३-हायड्रॉक्सिब्युटिरेट, आपल्या रक्तातही फिरते. लांब उपास घडला की यकृत चरबीपासून ती बनवतं आणि मेंदू ती इंधन म्हणून वापरतो. सुटी कडी आपल्याला चालते, पण साखळी तोडायची कात्री माणसाकडे नाही.

मग कुणाकडे आहे? जीवाणूंकडे आणि बुरशींकडे आहे, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. समुद्रात पीएचए जिरतं ते प्रामुख्याने त्यांच्यामुळे. प्राण्यांचा विचार मात्र या संदर्भात क्वचितच कुणी केला. तो करायला भाग पाडलं एका पांढऱ्या धाग्यासारख्या किड्याने.

भूमध्य समुद्रात, इटलीच्या एल्बा बेटाजवळ, सागरी गवताच्या कुरणांलगतच्या वाळूत ऑलॅव्हियस अल्गार्वेन्सिस राहतो. तो गांडुळाच्या जवळच्या नात्यातला. लांबी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, जाडी केसाहून थोडी जास्त. त्याला तोंड नाही, आतडं नाही, गुदद्वार नाही. त्याच्या कातडीच्या लगेच खाली सहजीवी जीवाणूंचा दाट थर असतो. हे जीवाणू गंधकाच्या संयुगांपासून ऊर्जा मिळवून कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात, आणि किडा त्या जीवाणूंनाच पचवून जगतो. स्वतःच्या अंगातल्या शेतातलं पीक खाणारा शेतकरी म्हणा. ब्रेमेनच्या माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ या किड्याचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आले आहेत.

आता धागा जुळवा. त्या जीवाणूंच्या अंगात गंधकाच्या कणांबरोबर पीएचएच्या गोळ्याही खच्चून भरलेल्या असतात. जीवाणू हेच किड्याचं एकमेव अन्न. म्हणजे त्याच्या ताटात रोज जैवप्लास्टिक वाढलेलं आहे. ते वाया घालवणं परवडणारं नव्हतं. शोध घेतल्यावर दिसलं की पीएचएची साखळी तोडणारं विकर बनवण्याची सूचना किड्याच्या स्वतःच्या जनुकांत आहे. जीवाणूंकडून उसनं घेतलेलं काम नव्हे, प्राण्याचं आपलं काम.

आणि मग इतर प्राण्यांच्या जनुकांच्या नोंदी चाळल्या, तर तशाच विकराची जनुकं इतर अनेक सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांतही सापडली, एकमेकांपासून फार दूरच्या कुळांत. थोडा विचार केला तर यात आश्चर्य नाही. समुद्रतळाचा गाळ गिळणारा, पाणी गाळून खाणारा किंवा खडकावरची साय खरवडणारा कुठलाही प्राणी रोज जीवाणू खातो. जीवाणूंत पीएचए असतंच. प्लास्टिक म्हणून आपण ज्याची ओळख करून घेतली, ते समुद्राला अन्न म्हणून आधीपासून ठाऊक होतं.

लाकडाच्या बाबतीत असंच घडलं होतं. लाकूड पोखरणारा जहाजकिडा सेल्युलोज पचवतो तो कल्ल्यांत पाळलेल्या जीवाणूंच्या विकरांवर. बरीच वर्षं समज असा होता की प्राण्यांना हे काम दुसऱ्याकडूनच करून घ्यावं लागतं. पण लाकूड कुरतडणाऱ्या ग्रिबल या मिलिमीटरभर प्राण्याच्या आतड्यात जवळपास जीवाणूच नसतात, आणि सेल्युलोज तोडणारी विकरं तो स्वतः बनवतो. कुणाच्या पोटात काय कात्री आहे, हे उघडून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

तर मग पीएचएचे पेले खुशाल समुद्रात सोडावेत का? थांबा, इथे बऱ्याच अडचणी आहेत.

पहिली अडचण गोळी आणि बाटली यांतल्या फरकाची. जिवंत जीवाणूच्या पेशीतलं पीएचए मऊ, अस्ताव्यस्त स्थितीत असतं. पेशीबाहेर काढून वितळवून थंड केलं की त्याच्या साखळ्या ओळीने रचल्या जातात, स्फटिक बनतात. हा कडक भाग तोडायला वेगळ्या ताकदीचं विकर लागतं. काही जीवाणूंकडे दोन्ही कामांसाठी वेगवेगळी विकरं असतात, घरच्या साठ्यासाठी एक आणि बाहेर सापडलेल्या मालासाठी दुसरं. प्राण्याकडे जीवाणूंच्या पोटातली मऊ गोळी पचवणारं विकर आहे, एवढ्यावरून तो बाटलीचा तुकडाही पचवेल असं म्हणता येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. विकर घन प्लास्टिकच्या आत शिरू शकत नाही. ते वरून खरवडत जातं, थरामागून थर. म्हणून जाडी सगळं ठरवते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये जगभरातली उपलब्ध मोजमापं एकत्र करून अंदाज काढला की पीएचएची पाण्याची बाटली समुद्रात पूर्ण जिरायला साधारण दीड ते साडेतीन वर्षं लागतील. पॉलिएथिलीनच्या तुलनेत हे काहीच नाही. पण लहान प्राण्याच्या आतड्यातून अन्न जायला काही तास लागतात. दीड वर्ष आणि काही तास. त्यामुळे कण अगदी बारीक असेल तरच पोटात त्याचं काही होण्याची आशा. भुगा करणाऱ्या दातवाल्यांचं महत्त्व इथे पुन्हा येतं, पण या वेळी मदतनीस म्हणून.

तिसरी, थंडी आणि खोली. जपानी संशोधकांनी जैवविघटनशील प्लास्टिकचे नमुने ७५७ ते ५,५५२ मीटर खोलीवर समुद्रतळाशी ठेवले. २०२४ मध्ये त्यांनी मांडलं की पीएचएसह बहुतेक नमुने तिथेही जीवाणूंमुळे झिजले. पीएलए मात्र जसंच्या तसं राहिलं. आणि जितकं खोल जावं, तितका वेग मंदावत गेला. साडेपाच किलोमीटर खोल, काळोखात, थंडीत काहीतरी जिरतं हेच मुळात नवल आहे. पण मंद म्हणजे मंदच.

चौथी गोष्ट बाटलीत पीएचएशिवाय काय काय असतं याची. रंग, मऊ करणारी द्रव्यं, दुसऱ्या प्लास्टिकचं मिश्रण. साखळी जिरली तरी ती उरतात.

हे सगळं सिद्ध कसं करतात, यावर दोन शब्द, कारण बातमीची पारख त्यावरच होते. नमुन्याचं वजन घटलं हा पुरावा नव्हे. तुकडे पडले तरी वजन घटतं. विघटनाची खरी खूण म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड मोजणं. त्याहून भक्कम पद्धत कार्बन-१३ ची. नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड अणू वापरून प्लास्टिक बनवायचं, आणि मग तो जड कार्बन कुणाच्या शरीरात पोचला ते शोधायचं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मातीतल्या एका प्लास्टिकबाबत हे करून दाखवलं. शेतात अंथरतात त्या जैवविघटनशील कापडातला कार्बन त्यांना सूक्ष्मजीवांच्या शरीरात सापडला. अंगी लागणं याचा याहून शब्दशः पुरावा कोणता? एखाद्या सागरी प्राण्याबद्दल असा दावा वाचाल तेव्हा शोधा: कार्बनचा माग काढला आहे, की फक्त पोटात प्लास्टिक सापडलं आहे?

शेवटी प्रमाणाचा विचार. २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेल्या प्लास्टिकचा अंदाज ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असा होता. त्यातलं बहुतेक बिनसांध्याचं, किंवा सांधा असूनही समुद्रात न सुटणारं. एल्बाच्या वाळूतला किडा आणि त्याचे दूरदूरचे नातलग या ढिगाला हात लावू शकत नाहीत. त्यांच्यामुळे समुद्र साफ होणार नाही. त्यांच्यामुळे आपल्याला कळतं ते वेगळंच आहे: कुठल्या पदार्थाची समुद्राला सवय आहे आणि कुठल्याची नाही. वस्तू समुद्रात जाणारच असेल तर ती कशाची बनवावी, हे ठरवताना ही माहिती कामाला येते.

अशी एक वस्तू बनलीसुद्धा आहे. खेकडे पकडायचे पिंजरे वादळात, बोटीच्या पंख्यात दोरी तुटून समुद्रात हरवतात. पिंजऱ्याची तार टिकाऊ असते, त्यामुळे मालक नसतानाही तो खेकडे पकडत राहतो आणि आत अडकलेले मरतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या संशोधकांनी पिंजऱ्याच्या बाजूला बसवायची एक पट्टी पीएचएपासून बनवली. पिंजरा वापरात असतो तेव्हा तो नियमित वर ओढला जातो, पट्टीला ऊन लागतं, तिच्यावरचे जीवाणू मरतात आणि ती टिकते. पिंजरा हरवला की तो तळाशी अंधारात पडून राहतो. जीवाणू जमतात, पट्टी झिजत जाते, आणि काही महिन्यांनी तिथे खेकडा बाहेर पडू शकेल एवढं भोक पडतं.